दोन स्वल्पविरामांमधली ठकी

पंढरीला निवांत बसलेलं कुणी पाहिलं असेल, तर त्यानं बोईसरजवळच्या सरावलीत येऊन सांगावं, नर्मदा त्याला चहा पाजेल. हा माणूस जेवतानाही एक गुडघा वर ठेवतो, का, तर उठायला बरं. देवापुढे हात जोडले तरी पायाचा अंगठा खाली ताल धरून असतो. नर्मदा सांगते की लग्नात भटजींनी सात पावलं टाकायला सांगितली होती, यांनी अकरा टाकली आणि वर विचारलं, आता पुढं काय. पायाला भिंगरी म्हणतात ती हीच. पन्नाशी उलटली तरी ती काही थांबली नाही.

मूळचा तो उमरग्याकडचा. आयटीआय करून मावसभावाच्या ओळखीनं बोईसरला आला आणि तारापूरच्या एमआयडीसीत एका केमिकल कारखान्यात प्रेशरचे काटे दुरुस्त करायला लागला. काटा का अडकला हे त्याला लगेच कळायचं. पण पुढं काट्यांच्या जागी डबे आले, आत काळी चिप असलेले, आणि ते अडकले की इंजिनियर म्हणायचा, आत प्रोग्राम लिहिलेला असतो, ते तुझं काम नाही. ‘तुझं काम नाही’ एवढं पंढरीला पुरे झालं. बोईसर स्टेशनबाहेरच्या रद्दीवाल्याकडून त्यानं सी भाषेचं एक जुनं पुस्तक उचललं. शेवटची वीसेक पानं नव्हती. जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या खटारा कॉम्प्युटरवर तो ते शिकला, पेन्सिलीनं रेघा मारत, ओठ हलवत. लोक हसले. तो कारखाना बंद पडला तेव्हा हसणारे आणि पंढरी एकाच दिवशी रस्त्यावर आले. पंढरीला मात्र दिग्विजयनं उचललं, कारण दिग्विजयच्या दोन गाळ्यांच्या वर्कशॉपला असे डबे बनवायचे होते आणि डिग्रीवाला माणूस त्याला परवडत नव्हता.

आता हे डिग्रीचं दुखणं समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही. शिकलेल्या इंजिनियरची चूक झाली तर तिला चूक म्हणतात. पंढरीची झाली तर लोक म्हणणार, काटे दुरुस्त करणाऱ्याला कुणी सांगितलं होतं. म्हणून तो प्रत्येक प्रोग्राम दहादा तपासायचा, घरी आल्यावर अकराव्यांदा. बारा-पंधरा वर्षांत त्याच्या कुठल्याही डब्याबद्दल तक्रार आली नव्हती आणि ही गोष्ट तो दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचा.

त्याचा सगळ्यात लाडका डबा एका रंगाच्या कारखान्याच्या गेटवर बसवला होता, त्याला पाच महिने झाले होते. काम साधं. गॅस गळला, आग लागली, भोंगा झाला, तर आत किती माणसं राहिली हे बाहेरच्या लाल अक्षरांच्या बोर्डावर दिसलं पाहिजे. प्रत्येक कामगाराला कार्ड. आत येताना ते टेकवायचं, बाहेर पडताना किंवा मैदानात जमताना पुन्हा टेकवायचं. गेटचा कॉम्प्युटर डब्याकडे प्रत्येक माणसाची एक ओळ पाठवायचा. पास नंबर, नाव, मोबाईल, शेड, आत आल्याची वेळ. मध्ये स्वल्पविराम. माणूस बाहेर गेला की शेवटची वेळ पुसली जायची. पंढरीचा प्रोग्राम ओळीचे स्वल्पविरामावर तुकडे करायचा आणि मोजायचा. पाच तुकडे निघाले तर माणूस आत. चारच निघाले, म्हणजे वेळ नाही, म्हणजे माणूस बाहेर. हिशोब इतका सुटसुटीत होता की पंढरीला स्वतःचाच अभिमान वाटला होता.

एका गुरुवारी कारखान्यात सरावाचा भोंगा झाला. माणसं शेडमधून धावत मैदानात आली, कार्डं टेकवली, बोर्डावरचे आकडे भराभर उतरले आणि चार मिनिटांत शून्य. सेफ्टीवाल्या साहेबांनी सगळ्यांसमोर पंढरीचा हात हातात घेतला. पुढच्या आठवड्यात आणखी तीन कारखान्यांचे लोक हा डबा बघायला येणार असं तिथंच ठरलं. दिग्विजयनं पंढरीच्या पाठीवर अशी थाप मारली की त्याचा चष्मा खाली आला.

संध्याकाळी बोईसर नाक्यावर शेअर रिक्षात पंढरी बसला तर समोर ठकी. त्याच कारखान्यात शेड तीनच्या मागच्या टोकाला ती रंगाच्या गोण्यांची तोंडं मशीनवर शिवते. डोंगरातली बाई, चाळिशीची असेल. घरी भाताचा एक तुकडा आहे, तो पावसापुरता. बाकीचे महिने ती बेटेगावजवळ झोपडं करून राहते आणि कामावर येते. पंढरी अजून दुपारच्या कौतुकातच होता. त्यानं आपणहून विचारलं की आज भोंग्याला घाबरला नाहीत ना, ठकीबाई.

“मला कुठं ऐकायला आला भोंगा,” ठकी म्हणाली. “मशीनचा आवाज किती असतो. गोणी घेऊन पुडं आली तं शेडात कोनीच नाय. मला वाटलं चाया प्यायला गेली सगली. मंग बसली एकटीच.”

पंढरी म्हणाला की असं होणार नाही, बोर्डावर शून्य आलं होतं. ठकीला शून्याचं काही पडलेलं नव्हतं. तिनं पदरानं मानेवरचा निळा रंग पुसला आणि हसत विचारलं, “आज खेळच होता ना, दादा? खऱ्याचा भोंगा झाला तं येतील ना कोनी बोलवायला?”

सरावलीचा फाटा आला आणि पंढरी उतरला, पण पैसे द्यायचे विसरला आणि रिक्षावाल्यानं हिंदीत त्याचा उद्धार केला.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपला साप्ताहिक सुट्टी. नर्मदानं थालीपीठ लावलं होतं. पंढरी दोन घास खाऊन उठला, अंगणात गेला, परत आला, पुन्हा गेला. मनात पाल चुकचुकत होती. दोष शोधायचा म्हटलं की माणूस आधी शेजाऱ्याच्या घरात शिरतो, तसा पंढरीही शिरला. ठकीनं सकाळी कार्ड नीट टेकवलं नसेल. कार्ड खराब असेल. गेटवरचं रीडर झोपलं असेल. एवढे सगळे आरोपी उभे करून झाले तेव्हा त्यानं लॅपटॉप उघडला आणि आपल्या डब्याची जुनी नोंद काढली.

गुरुवारी ठकी बाहेर. बुधवारी बाहेर. मंगळवारी बाहेर. तो मागे मागे गेला. जी बाई पाच महिने रोज सकाळी आठला कामावर येत होती, ती त्याच्या नोंदीप्रमाणे कारखान्यात एकदाही आलेली नव्हती.

पंढरीनं बाकीची नावं चाळली. असे आणखी अकरा जण निघाले, कधीच आत न आलेले. जिवल्या, गोमा, रखमाबाई. सगळी डोंगराकडची नावं. सरावलीतलं, उमरग्याकडचं, साताऱ्याकडचं एकही नाही. यंत्राला माणसाची जात-गाव कळत नाही, मग ही बारा माणसं त्यानं अशी वेचून कशी काढली, हे पंढरीच्या डोक्यात येईना. आणि मूळ ओळ बघावी तर ती त्याच्याजवळ नव्हती. तुकडे करायला त्यानं जे तयार फंक्शन वापरलं होतं, स्ट्रटोक, ते ओळ कापताना मूळ ओळच खराब करून टाकतं, आणि नोंद ठेवली जायची ती कापल्यानंतर. उंदीर कुरतडून गेल्यावर कागद वाचायला बसावं तसं झालं होतं.

त्यानं दिग्विजयला फोन लावला. दिग्विजय दांडीच्या किनाऱ्यावर मासळी घ्यायला गेला होता, मागे समुद्राचा आणि कोळणींचा आवाज. उद्या बघू म्हणाला. पंढरी म्हणाला की आज कारखाना चालू आहे. दिग्विजय म्हणाला की तो कालही चालू होता आणि पाच महिने चालू आहे, तुझं रोजचंच आहे, घरात बसवत नाही म्हणून खुसपट काढतोस. यात थोडं खरं होतं, म्हणून पंढरीला जास्त लागलं.

नर्मदा हे सगळं स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिनं स्कूटरची किल्ली आणून त्याच्या हातात ठेवली. “जाऊन या. इथं येरझाऱ्या घालून माझी फरशी झिजतीय,” एवढंच म्हणाली.

गेटवर भगवंत होता. भगवंत म्हणजे तिथला सगळ्यात जुना वॉचमन, कारखान्याची पहिली वीट त्याच्यासमोर लागलेली. पंढरीचा डबा आल्यापासून तो पंढरीशी बेतानंच बोलायचा, कारण डबा यायच्या आधी आतली माणसं मोजणं त्याचं काम होतं. तरी त्यानं केबिनमधला कॉम्प्युटर मोकळा करून दिला. पंढरीनं ठकीची ओळ काढली, कापायच्या आधीची. चार हजार एकशे सत्तावीस, स्वल्पविराम, ठकी, स्वल्पविराम, स्वल्पविराम, शेड तीन, स्वल्पविराम, सात वाजून बावन्न मिनिटं.

दोन स्वल्पविराम एकमेकांना चिकटून. मध्ये काही नाही.

मग त्याला सगळं एकदम आठवलं आणि ते आठवणं फार वाईट होतं. पाच महिन्यांपूर्वी कार्डं बनवताना ठकी त्याच्याच समोर उभी होती. मोबाईल नंबर विचारला तेव्हा ती म्हणाली होती की माझ्याकडं नाय, घरात एकच हाय तो पोरानं वीटभट्टीवर नेला. आणि पंढरीनंच, याच तोंडानं, टाईप करणाऱ्याला सांगितलं होतं, “राहू दे, ती जागा रिकामी सोड.” जिवल्याची सोडली, गोमाची सोडली. बारा जणांची सोडली.

स्ट्रटोकला रिकामी जागा समजत नाही. दोन स्वल्पविराम लागोपाठ आले की ते दोन्हींना एकच धरतं आणि पुढे जातं. ठकीच्या ओळीचे पाच तुकडे व्हायला हवे होते, ते चारच व्हायचे. शेड सरकून मोबाईलच्या जागी, वेळ सरकून शेडच्या जागी, आणि वेळेची जागा मोकळी. वेळ नाही म्हणजे माणूस बाहेर. हे त्याला माहीत नव्हतं असंही नाही. पुस्तकात ते वाक्य होतं, त्याखाली त्यानं पेन्सिलीनं रेघ मारली होती आणि त्याला बरंच वाटलं होतं, की वा, चुकून दोन स्वल्पविराम पडले तरी काम अडत नाही. दहादा तपासलं होतं म्हणे. पण तपासायला नावं कुणाची घेतली होती? स्वतःचं, नर्मदाचं, दिग्विजयचं, आळीतल्या शेजाऱ्यांचं. वीस नावं, वीस मोबाईल. ज्याचं गाव दोनशे कोस लांब, त्याच्या खिशात मोबाईल आधी येतो. मोबाईल नसलेला माणूस पंढरीच्या ओळखीतच नव्हता. अकराव्यांदा काय, शंभराव्यांदा तपासलं असतं तरी ठकी त्यात आली नसती.

त्यानं पुन्हा दिग्विजयला फोन केला आणि सगळं सांगितलं. दिग्विजय व्यवहारी माणूस, घाबरला नाही. त्याचा उपाय तयार होता. बाराही जणांच्या रिकाम्या जागेत मुकादमाचा मोबाईल नंबर टाक, तुकडे पाच होतील, बोर्ड बरोबर चालेल, प्रोग्रामला हात लावू नको आणि पुढच्या आठवड्यात तीन कारखान्यांची माणसं येऊन जाईपर्यंत कुणाजवळ बोलू नको.

आणि खरं सांगायचं तर पंढरीला तो उपाय आवडला. पाच मिनिटांचं काम. कुणाला कळणार नाही, बारा-पंधरा वर्षांचं नाव राहील. त्यानं ठकीच्या ओळीत कर्सर नेऊन दोन स्वल्पविरामांच्या मध्ये मुकादमाचे पहिले चार आकडे टाईपही केले. पाचव्या आकड्यापाशी बोट थांबलं. दिवाळीनंतर डोंगरातून नवी माणसं कामावर येतील, कुणीतरी पुन्हा त्यांची जागा रिकामी सोडेल, आणि त्या दिवशी खऱ्याचा भोंगा झाला तर बोर्ड पुन्हा शून्य दाखवेल. सगळे त्या शून्यावर विश्वास ठेवतील, कारण डबा पंढरीचा. ठकीचा रिक्षातला प्रश्न त्याच्या कानात घुमायला लागला. त्याला स्वतःची लाज वाटली, अशी की कानशिलं तापली. चारही आकडे त्यानं एकेक करून पुसले.

भगवंत हे सगळं खुर्चीवरून बघत होता. पंढरीनं त्याला काय झालं ते सांगितलं. भगवंतनं ऐकून घेतलं, खाकरला आणि म्हणाला, “माझ्या फळीवर असं कधी झालं नाही.”

ही फळी म्हणजे जुनी पद्धत. लाकडी फळीवर प्रत्येक कामगाराच्या नंबराचा खिळा, खिळ्यावर पितळी बिल्ला. आत जाताना आपला बिल्ला काढून खिशात घालायचा, बाहेर येताना परत टांगायचा. भोंगा झाला की भगवंत फळीसमोर उभा राहायचा. सगळे बिल्ले टांगून झाल्यावर जे खिळे रिकामे दिसतील, ती माणसं आत. तो भरलेले खिळे बघायचाच नाही, रिकामेच बघायचा. पंढरीनं ही फळी शंभर वेळा पाहिली होती आणि जुनाट म्हणून जिन्याखाली टाकायला त्यानंच लावली होती.

दोघांनी ती जिन्याखालून ओढून काढली, जळमटं झटकली आणि गेटवर टांगली. पंढरी स्वतः शेडमध्ये जाऊन बारा बिल्ले बारा जणांच्या हातात देऊन आला. मग त्यानं सेफ्टीवाल्या साहेबांना फोन केला आणि सांगितलं की कालचं शून्य खोटं होतं. बारा माणसं माझ्या डब्यानं कधी मोजलीच नाहीत. अकरा जण बाकीच्यांबरोबर धावले म्हणून निभावलं. एक बाई आतच होती.

साहेब म्हणाले, लेखी द्या. पंढरीनं भगवंतच्या केबिनमध्ये, गेटपासच्या कागदाच्या पाठीवर लिहून दिलं. चूक यंत्राची नाही, माझी आहे, असं शेवटी लिहिलं आणि पूर्ण सही केली.

व्हायचं ते झालं. तीन कारखान्यांची भेट पुढे ढकलली, ती कधी होईल हे कुणी सांगेना. एका इंजिनियरनं म्हटलंच, की काटे दुरुस्त करणाऱ्याकडून आणखी काय होणार. दिग्विजय चार दिवस बोलला नाही, आणि पाचव्या दिवशी फक्त सोल्डरिंगची तार संपली एवढं बोलला. प्रोग्राम दुरुस्त करायला मात्र एक तासही लागला नाही. पंढरीनं ते तयार फंक्शन काढून टाकलं आणि स्वतःचं लिहिलं. एका स्वल्पविरामापासून पुढच्यापर्यंत एकेक अक्षर चालत जायचं. मध्ये काही नसलं तरी तो एक तुकडा. मोजायचा. माणूस आत की बाहेर, हेही आता किती तुकडे निघाले त्यावर ठरत नव्हतं, पाचव्या जागेत वेळ आहे का एवढंच बघायचं. सगळी मिळून दहा-बारा ओळींची करामत. तपासायला त्यानं या खेपेला पहिलं नाव ठकीचं घेतलं.

दहा दिवसांनी पुन्हा सरावाचा भोंगा झाला. माणसं धावत आली, कार्डं टेकवली, आकडे उतरले. चार मिनिटं झाली. बोर्डावर शेड तीनसमोर एकचा आकडा होता, तो हलेना. साहेबांनी घड्याळ बघितलं. मैदानातले लोक कुजबुजायला लागले, की यंत्र पुन्हा बिघडलं. पंढरी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. त्यानं फळीकडे बघितलं. एक खिळा रिकामा होता. साहेबांनी दोन माणसं शेड तीनकडे पळवली आणि सातव्या मिनिटाला ती ठकीला घेऊन आली, केसांत सुतळीचे धागे, हातात कात्री तशीच. भोंगा या वेळीही तिला ऐकू गेला नव्हता. साहेबांनी तिथल्या तिथं मशीनजवळ भोंग्याबरोबर पेटणारा लाल दिवा लावायचा हुकूम दिला.

ठकीनं बिल्ला टांगला, कार्ड टेकवलं, आकडा उतरला. मग ती पंढरीपाशी आली. त्याच्या हातात यादीचा कागद होता. तिला वाचता येत नव्हतं, पण तिनं आपलं नाव कुठं ते विचारलं आणि त्यानं बोट ठेवून दाखवलं. नावापुढे हे कोरं काय आहे, असं तिनं विचारलं.

“तिथं मोबाईल नंबर लागतो. तुमच्याकडं नाही, म्हणून जागा मोकळी ठेवलीय,” पंढरी म्हणाला.

“ठेवली ना? मंग बरं,” ठकी म्हणाली आणि राहिलेल्या गोण्या शिवायला निघून गेली.

या गोष्टीला आता दोन-तीन महिने झाले. लाल दिवा लागला, फळी गेटवरच राहिली, डबा चोख चालतो. पंढरीची भिंगरी काही थांबली नाही, उलट वाढलीच. सरावाच्या दिवशी तो हजर असतो. बोर्डावर शून्य येतं, लोक टाळ्या वाजवतात, आणि हा बाबा कुणाशी न बोलता शेड तीनच्या मागच्या टोकापर्यंत चालत जातो, शिवणमशीनच्या मागं वाकून बघतो, आणि मगच परत येतो.